बिनकण्यांचा प्राध्यापक

ज्या माणसाविषयी मी लिहिणार आहे, त्याचे नाव विज्ञान शाखेच्या मुलांना दोन गुणांच्या टिपेपुरते माहीत असते आणि कला शाखेच्या आम्हा मुलांना तेवढेही नसते. उंच झाडांची पाने खाण्यासाठी ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली असे म्हणणारा, आणि म्हणून चुकलेला शास्त्रज्ञ, एवढीच लामार्कची ओळख. मीही बारावीला जीवशास्त्राच्या वहीत एवढेच उतरवून घेतले होते. शेजारी जिराफाचे चित्र काढले होते आणि ते बरे जमल्याबद्दल बाईंचा शेराही मिळवला होता. पुढे बारावीच्या गुणांनी माझे आणि विज्ञानाचे नाते संपवले, मी इकडे आले, आणि लामार्क त्या वहीबरोबर माळ्यावर गेला.

तो खाली उतरला एका कुर्लीमुळे.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठी आहे. गेल्या मे महिन्यात महाविद्यालयातली पाच-सहा मुलेमुली चार दिवस आमच्याकडे राहून गेली. त्यांत माझ्यापुढे एक वर्ष असलेला, जन्मापासून न दिसणारा एक जण होता. आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. परीक्षेत त्याची लेखनिक मी असते, त्यामुळे आमची ओळख जरा जास्त. आईने कुर्ल्यांचे कालवण केले होते. दादा देशावरचा, कुर्ली त्याने प्रथमच हातात घेतलेली. नांगी फोडून आतले मांस काढता काढता त्याने विचारले, की हिची हाडे कुठे आहेत? हिला हाडे नसतात, बाहेरचे टणक तेवढेच, असे मी सांगितले. मग प्रश्नांची रांगच लागली. झुरळाचे असेच का? गोगलगायीचे? शिंपला हे त्या प्राण्याचे अंग समजायचे की घर? गांडुळाला काय असते? कासवाचे काय? कासवाचेही तसेच, असे मी ठोकून दिले आणि तिथेच चुकले. बारावीचे ज्ञान किती पातळ असते ते त्या पानावर कळले. सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात बसून उत्तरे शोधू लागले, तेव्हा प्रत्येक उत्तराच्या मुळाशी तोच माळ्यावरचा गृहस्थ सापडत गेला.

ज्याँ बाप्तिस्त लामार्क १ ऑगस्ट १७४४ रोजी उत्तर फ्रान्समधल्या पिकार्दी प्रांतात, बाझाँतँ नावाच्या खेड्यात जन्मला. घराणे सरदारी, पण पोकळ. अकरा भावंडांतला हा शेवटचा. वडील भावांच्या वाट्याला तलवार आली होती. ह्याच्यासाठी आणखी एक घोडा नि गणवेश घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून धर्मगुरू करण्यासाठी त्याला आम्याँच्या जेझुइट पाठशाळेत घातले. सोळा-सतराव्या वर्षी वडील वारले. मुलाने पाठशाळेला रामराम ठोकला, एक घोडा विकत घेतला आणि तडक जर्मनीत लढणाऱ्या फ्रेंच फौजेच्या छावणीत जाऊन उभा राहिला. सप्तवार्षिक युद्ध चालू होते. १७६१च्या जुलैत फिलिंगहाउझेनच्या लढाईत तोफांच्या माऱ्यात त्याच्या तुकडीचे सगळे अधिकारी पडले. माघारीचा हुकूम या तुकडीपर्यंत पोचलाच नव्हता. उरलेल्या जुन्या शिपायांनी मागे फिरण्याचा आग्रह केला तरी हुकमावाचून जागा सोडायची नाही, म्हणून हा पोरगा उभा राहिला. त्याबद्दल त्याला तिथल्या तिथे अधिकारीपद मिळाले. (त्याच वर्षीच्या जानेवारीत इकडे पानिपत झाले होते. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून तारखा अशा शेजारी आल्या की मला राहवत नाही.) जागा न सोडण्याचा हा हट्ट त्याच्या अंगी जन्मभर राहिला, त्याने त्याचे भलेही केले आणि बरेचसे वाटोळेही.

तह झाला. पलटण भूमध्य समुद्राकाठी, मोनाकोच्या ठाण्यावर गेली. शांततेतल्या शिपायाला वेळच वेळ; लामार्क तिथल्या खडकांवरची झाडेझुडपे न्याहाळू लागला. अशातच थट्टामस्करीत एका सोबत्याने त्याला डोके धरून वर उचलले. मानेच्या ग्रंथींना इजा झाली, गाठी सुजल्या, पॅरिसला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि १७६८ साली नोकरी सोडावी लागली. जिराफाच्या मानेपायी पुढे बदनाम झालेल्या माणसाचे आयुष्य आधी स्वतःच्याच मानेने बदलले, हा योगायोग मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळला नाही.

वर्षाला चारशे फ्रँक निवृत्तिवेतन. तेवढ्यात पॅरिसमध्ये भागेना, म्हणून त्याने एका पेढीत कारकुनी केली, काही काळ वैद्यकाचा अभ्यास केला. पण मन झाडांतच होते. बेर्नार द ज्यूस्यूसारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मागोमाग तो राजाच्या बागेत हिंडू लागला. दहा वर्षांनी, १७७८ साली, फ्रान्समधल्या वनस्पतींवर त्याचा तीन खंडांचा ग्रंथ तयार झाला. तो लॅटिनमध्ये नव्हता, साध्या फ्रेंचमध्ये होता. शिवाय त्याने वाचकाच्या हाती एक युक्ती दिली होती. समोरच्या झाडाविषयी एक प्रश्न विचारायचा, त्याची दोनच उत्तरे. जे लागू पडेल त्या वाटेने पुढे जायचे, तिथे पुन्हा दोन वाटा. असे करत करत सामान्य माणूसही झाडाच्या नावापर्यंत पोचतो. ब्यूफाँ हा तेव्हाचा बडा निसर्गपंडित इतका खूश झाला, की ग्रंथ सरकारी खर्चाने छापला गेला आणि १७७९ साली लामार्क विज्ञान अकादमीचा सभासद झाला. पुढची चौदा वर्षे तो झाडांचाच माणूस होता.

मग आली राज्यक्रांती. राजाचे डोके गेले, पण राजाची बाग वाचली. १७९३च्या जूनमध्ये तिचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय झाले आणि तिथे बारा प्राध्यापक नेमायचे ठरले. वनस्पतिशास्त्राच्या दोन्ही जागा देफाँतेन आणि धाकटा ज्यूस्यू यांना मिळाल्या. सस्तन प्राणी आणि पक्षी गेले जॉफ्र्वा सँतिलेर नावाच्या अवघ्या एकवीस वर्षांच्या मुलाकडे. उरली ती कोणालाच नको असलेली जागा: कीटक, कृमी आणि सूक्ष्मदर्शकातून दिसणारे प्राणी. ती लामार्कला दिली. वय पन्नाशीच्या जवळ. पंचवीस वर्षे ज्याचा अभ्यास केला त्याचा नव्या विषयाशी काही संबंध नाही. जमेची बाजू एवढीच, की शंखशिंपले जमवण्याचा नाद होता आणि ब्रुग्येर नावाचा त्या विषयातला जाणकार मित्र होता.

नको असलेली जागा म्हणजे काय, ते आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. आपल्या आवारात कितीजण स्वतःहून आले आणि कितीजण दुसरीकडच्या याद्या लागल्यावर आले, याची मोजणी न केलेलीच बरी.

त्या जागेत नेमके काय पडले होते? प्राण्यांची वाटणी अॅरिस्टॉटलने केली होती ती रक्त असलेले आणि रक्त नसलेले अशी. त्याच्या लेखी रक्त म्हणजे तांबडे. अठराव्या शतकात लिनीअसने सहा वर्ग केले. सस्तन, पक्षी, उभयचर व सरपटणारे मिळून एक, आणि मासे, हे चार नीटनेटके. बाकी सगळ्या प्राणिसृष्टीला दोनच वर्ग: कीटक आणि कृमी. कीटकांत झुरळ, कोळी, विंचू, कुर्ली सगळे एकत्र. कृमी हा तर अडगळीचा कोनाडाच होता. गांडूळ, जळू, गोगलगाय, शिंपला, माकूल, तारामासा, जे जे कुठे बसले नाही ते तिथे फेकलेले. आज आपल्याला ठाऊक आहे, की प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी शंभरांत पंचाण्णवांहून अधिक या दोन कोनाड्यांतल्याच आहेत. म्हणजे प्राणिसृष्टीचे सारे घर बाहेर अंगणात पडलेले आणि दिवाणखान्यात चार पाहुणे, असा तो प्रकार होता.

लामार्कने पहिली गोष्ट केली ती या सगळ्यांना एक नाव देण्याची. पाठीचा कणा असलेले एकीकडे, नसलेले दुसरीकडे. पृष्ठवंशी आणि अपृष्ठवंशी हे आपल्या पाठ्यपुस्तकांतले शब्द ज्या शब्दांची भाषांतरे आहेत, त्यांतला दुसरा त्याने आपल्या व्याख्यानांतून रुजवला. आपल्या या प्रजेचा पहिला व्यवस्थित ग्रंथ त्याने १८०१ साली काढला. नुसते नाव देऊन तो थांबला नाही. कोनाडा उपसायला बसला. कुर्ली, कोळंबी यांना १७९९ साली कीटकांतून काढून कवचधारींचा वेगळा वर्ग केला. १८०० साली कोळी आणि विंचू वेगळे केले. आठ पायांचा प्राणी सहा पायांच्यांत का बसवायचा? १८०२ साली गांडूळ आणि जळू यांसारख्या वलयी प्राण्यांचा वर्ग. १८०९पर्यंत दोनाचे दहा वर्ग झाले होते. या कामात तरुण क्यूव्हिएचा मोठा वाटा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मृदुकाय प्राण्यांची शरीरे आतून फाडून पाहिली ती त्याने. त्याचे नाव पुढे येईल, दुर्दैवाने.

आता दादाच्या प्रश्नांकडे वळते, कारण लामार्कची विभागणी कशावर उभी आहे ते त्याशिवाय कळणार नाही. आपला सांगाडा आत असतो आणि स्नायू त्याला बाहेरून चिकटलेले असतात. कुर्ली, झुरळ, विंचू यांचे उलट. कवच बाहेर आणि स्नायू त्याला आतल्या अंगाने चिकटलेले. आपले हाड जिवंत असते, त्यात पेशी असतात, म्हणून ते शरीराबरोबर वाढते आणि मोडले तर सांधते. झुरळाचे कवच कातडीने पाझरून वर साचवलेले असते. मुख्य द्रव्य कायटिन, आणि कुर्लीच्या बाबतीत त्यात भरपूर चुना. ते वाढत नाही. म्हणून आतला प्राणी मोठा झाला, की जुने कवच टाकून द्यावे लागते. त्या वेळी तो अगदी मऊ आणि असहाय असतो, दगडाखाली दडून बसतो, पाणी शोषून अंग फुगवतो आणि नवे कवच त्या मापाचे टणक होऊ देतो. मोठे होण्याची ही किंमत भारी आहे. जमिनीवर हत्तीएवढा कीटक का नाही, याचे एक कारण हेच: तेवढे कवच पेलणार कसे, आणि कात टाकल्यावर त्या मऊ देहाला आतून आधार कोण देणार? श्वासाच्या नळ्यांचीही अडचण आहेच. पाण्याचा आधार मिळाला तर गोष्ट वेगळी. जपानच्या समुद्रातल्या एका खेकड्याच्या पसरलेल्या पायांचे अंतर साडेतीन मीटरांच्या वर जाते.

गोगलगाय आणि शिंपला यांचेही कवच बाहेरच, पण ते कात टाकत नाहीत. कडेकडेने चुन्याची भर घालत त्याच घराला वाढवत नेतात; शिंपल्यावरच्या रेघा म्हणजे त्या वाढीच्या खुणा. तेव्हा तो अंग की घर, याचे उत्तर दोन्ही असे द्यावे लागेल, कारण प्राणी त्याला जन्मभर चिकटलेला असतो. माकूल याच गोगलगायीच्या गोतातले, पण त्याने कवच आत घेतले आहे. पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला टांगतात आणि वैद्य औषधात वापरतात तो समुद्रफेस म्हणजे माकुलासारख्याच एका प्राण्याचे हे आतले कवच. तारामासा आणि समुद्रातला काटेरी साळू वरून कितीही चिलखती दिसोत, त्यांच्या चुन्याच्या तकट्यांवर जिवंत कातडीचा पातळ थर असतो, म्हणून तो सांगाडा आतलाच धरतात. गांडुळाला आतही नाही, बाहेरही नाही. अंगातल्या पाण्याच्या दाबावर त्याचे चालते. आणि कासव! कासवाची पाठ म्हणजे त्याच्या फासळ्या नि मणकेच, रुंद होऊन एकमेकांत जुळलेले, वर खवल्यांचे आवरण. कासव पक्के पृष्ठवंशी आहे, तुमच्याआमच्या गोतातले. ते पाठीतून बाहेर येऊ शकत नाही, जसे आपण आपल्या बरगड्यांतून येऊ शकत नाही.

या सगळ्या प्राण्यांची ओळीने मांडणी करताना लामार्कला काहीतरी खटकू लागले. शिंपल्यांच्या पेट्यांत एका जातीशेजारी दुसरी ठेवावी, तर मधली एखादी अशी निघे, की ती हिच्यात घालावी की तिच्यात, हे ठरेना. पॅरिसच्या आसपासच्या खाणींतून निघणारे दगड झालेले शंखशिंपले त्याने १८०२पासून तपासले. त्यांतले कित्येक आजच्यासारखे, पण अगदी तसे नव्हेत. कवच मागे राहते, प्राणी जातो. आतल्या मऊ देहाचा मागमूस नसताना बाहेरच्या सांगाड्याने लाखो वर्षांचा हिशेब ठेवलेला होता. जाती कायमच्या ठरलेल्या आहेत, असे मानणारा हा मनुष्य ११ मे १८०० रोजी आपल्या वर्गासमोर उभा राहून जाती बदलतात असे सांगू लागला, तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आयुष्यभराचे मत टाकून देणे सोपे नसते. आपल्या ओळखीच्या पंचावन्न वर्षांच्या माणसांवरून पाहावे. (प्राध्यापकवर्गाने क्षमा करावी.)

१८०९ साली हे विचार त्याच्या प्राणिशास्त्रविषयक तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात एकत्र आले. परिस्थिती बदलली की सवयी बदलतात, वापराने अवयव वाढतात, न वापरल्याने झिजतात, आणि हा फरक पुढच्या पिढीत उतरतो, असे त्याचे म्हणणे. शेवटचा भाग चुकीचा ठरला, यात वाद नाही. परंतु जिराफ त्या भल्या मोठ्या ग्रंथात एका लहानशा परिच्छेदापुरता येतो. आपण त्या परिच्छेदातच माणूस पुरला. वाइसमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात पिढ्यान्‌पिढ्या उंदरांच्या शेपट्या छाटल्या आणि तरी पिल्ले शेपटीचीच जन्मली, हे लामार्कविरुद्ध नेहमी सांगतात. पण कापलेली शेपटी वारशाने जाते असे लामार्कने म्हटलेच नव्हते. कमावलेले गुण वारशाने जातात ही समजूत त्याच्या आधीपासूनची, आणि खुद्द डार्विनही ती पुष्कळशी मानत असे. जाती एकीतून दुसरी अशा उपजल्या, हे डार्विनच्या पन्नास वर्षे आधी ग्रंथ लिहून सांगणे हे मात्र लामार्कचे.

त्याच्या काळात याला किंमत आली नाही, त्याला काही अंशी तो स्वतःही कारण आहे. लाव्हाझ्येचे नवे रसायनशास्त्र सगळ्या युरोपाने मान्य केले तरी हा जुन्याला धरून बसला आणि त्यावर जाडजूड पुस्तके लिहीत राहिला. १८००पासून दरवर्षी हवामानाचे भाकित सांगणारी पंचांगासारखी पुस्तिकाही काढी, भाकिते चुकत. १८०९ साली नेपोलियनच्या भेटीस अकादमीची मंडळी गेली असता लामार्कने आपला ग्रंथ पुढे केला. नेपोलियनला वाटले, पुन्हा ते हवामानच. त्याने सर्वांसमक्ष असा पाणउतारा केला, की पासष्ट वर्षांच्या त्या म्हाताऱ्याला रडू कोसळले. हा निसर्गेतिहासाचा ग्रंथ आहे, एवढे वाक्यही त्याला पुरते बोलता आले नाही. खगोलशास्त्रज्ञ आरागो तिथे हजर होता, त्याने हे लिहून ठेवले आहे. तोफांपुढे जागा न सोडणारा तो पोरगा आठवतो आणि वाईट वाटते.

क्यूव्हिएची गोष्ट निराळी. तो विद्वान होता, वक्ता होता, आणि प्रत्येक राजवटीत वरच्या जागी होता. जाती बदलत नाहीत, यावर तो ठाम होता. जॉफ्र्वाने नेपोलियनच्या मोहिमेबरोबर जाऊन इजिप्तमधून पक्ष्यांची जतन केलेली प्रेते आणली होती. ती दोन-तीन हजार वर्षांची असूनही आजच्या पक्ष्यांसारखीच आहेत, हा त्याचा बिनतोड पुरावा. लामार्कचे उत्तर असे, की इजिप्तची हवा तेव्हापासून बदललेली नाही, मग पक्ष्यांनी का बदलावे; आणि पृथ्वीच्या वयापुढे तीन हजार वर्षे म्हणजे काय? आज वाचताना उत्तर बरोबर वाटते. तेव्हा ते ऐकायला फारसे कोणी नव्हते.

यानंतर त्याचे डोळे गेले. दृष्टी आधीपासूनच अधू होत चालली होती. वर्षानुवर्षे भिंगातून बारीक जीव पाहण्याचा तो परिणाम असे म्हणतात. १८१८च्या सुमारास तो पुरता आंधळा झाला. अपृष्ठवंशी प्राण्यांचा सात खंडांचा महाग्रंथ १८१५ साली सुरू झाला होता, तो अर्ध्यावर होता. कीटकांच्या भागात लात्रेय मदतीला होता. (हा लात्रेय क्रांतीच्या धामधुमीत तुरुंगात असताना कोठडीत एक दुर्मिळ भुंगा सापडला आणि त्या भुंग्याच्या निमित्ताने ओळख निघून सुटला. कीटकांचे असे उपकार असलेला दुसरा शास्त्रज्ञ मला माहीत नाही.) शिंपल्यांचा काही भाग व्हालाँस्येन या तरुणाने केला. बाकीचे लामार्कने सांगितले आणि थोरली मुलगी रोझाली हिने लिहिले. शेवटचा खंड १८२२ साली बाहेर पडला.

रोझालीविषयी फार थोडे सापडते. बाप खोलीबाहेर पडू शकेना तेव्हा तिनेही घराबाहेर पडणे सोडले. इतके, की पुढे पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा मोकळी हवा तिला सोसेना. हे क्यूव्हिएनेच नोंदवले आहे. मला हे वाचून पुढे जाता आले नाही. लेखनिक म्हणजे काय ते मला थोडे कळते. तीन तास दुसऱ्याचे बोलणे आपल्या हातातून वाहते आणि शेवटी आपल्याजवळ काही उरत नाही. उरू नये हाच नियम आहे. गेल्या वर्षी इतिहासाच्या पेपरात दादाने घाईत फ्रेंच राज्यक्रांतीचे साल १७९८ सांगितले. त्याला १७८९ पक्के ठाऊक होते, जीभ वळली एवढेच. माझा हात थांबला. पर्यवेक्षक दोन हातांवर उभे होते. मी १७९८ लिहिले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते, आणि तरी तेव्हापासून मला ते साल खुपते. दादाला मी हे सांगितलेले नाही. हा अंक कोणीतरी त्याला वाचून दाखवीलच, तेव्हा कळेल. रोझालीपुढे कुठल्याशा शिंपल्याच्या दातांची संख्या सांगताना बापाची जीभ वळली असेल, तेव्हा तिने काय केले असेल? तिच्यासमोर पर्यवेक्षक नव्हता आणि शिंपला मात्र पेटीत होता.

१८ डिसेंबर १८२९ रोजी लामार्क पंच्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. स्मशानात लात्रेय आणि जॉफ्र्वा बोलले. घरात पैसा नव्हता. कुटुंबाला अकादमीकडे मदत मागावी लागली, पुस्तके आणि संग्रह लिलावात गेले. मोंपार्नासच्या दफनभूमीत घेतलेली जागा पाच वर्षांच्या भाड्याची होती. मुदत संपल्यावर हाडे उकरून इतरांच्या हाडांत मिसळली गेली. ज्याने जगाला सांगाड्यावरून वाटून दिले, त्याचा स्वतःचा सांगाडा कुठे आहे, ते कोणाला सांगता येत नाही. १८३२ साली एका वनस्पतिशास्त्रज्ञाने धाकटी मुलगी कोर्नेली हिला संग्रहालयात पाहिले. किरकोळ मजुरीवर ती वाळलेली झाडे पांढऱ्या कागदावर चिकटवीत बसली होती. त्यांतल्या काहींना नावे बापानेच दिलेली असतील.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अकादमीत लामार्कवरचे स्मरणलेख वाचले गेले. ते लिहिले होते क्यूव्हिएने, आणि वाचण्यापूर्वीच मेमध्ये क्यूव्हिए स्वतः वारला होता. प्राण्यांच्या वर्गीकरणाबद्दल त्यात भरपूर प्रशंसा आहे आणि बाकीच्या विचारांची अशी सभ्य खिल्ली आहे, की पुढची कित्येक वर्षे लोकांनी लामार्क त्या लेखातूनच ओळखला. मेलेल्याविषयी चांगले बोलण्याच्या प्रसंगी केलेला हा घाव मला क्यूव्हिएच्या थोरवीला शोभत नाही असे वाटते; आमच्या सरांचे मत वेगळे आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. लामार्क आंधळा झालेला असताना, १८२०च्या सुमारास, जॉफ्र्वाने एक विलक्षण कल्पना मांडली होती: कीटकाचे कवच म्हणजे त्याचे मणकेच, आपण कण्याच्या बाहेर राहतो आणि कीटक कण्याच्या आत राहतो, इतकाच फरक. पुढे त्याने कुर्लीच्या भावकीतल्या मोठ्या शेवंडाला उलटे पाठीवर ठेवून दाखवले, की आता याची मज्जारज्जू आणि आतडी आपल्याच क्रमाने लागतात. १८३०च्या फेब्रुवारीत, लामार्कला जाऊन दोन महिने झाले असताना, अशाच कल्पनांवरून अकादमीत क्यूव्हिए आणि जॉफ्र्वा यांचे जाहीर भांडण झाले. जॉफ्र्वा हरला असेच बहुतेकांनी धरले. कवच म्हणजे मणके हे खोटेच होते. पण १९९०च्या दशकात असे आढळले, की कीटकाची पोटाची बाजू आणि आपली पाठीची बाजू घडवणारी जनुके सारखीच आहेत, फक्त वरखाली उलटलेली. दीडशेच्या वर वर्षे चेष्टेचा विषय झालेला तो उलटा शेवंड अगदीच मूर्खपणाचा नव्हता.

पॅरिसच्या त्या बागेत १९०९ साली, त्याच्या ग्रंथाला शंभर वर्षे झाली तेव्हा, लोकांच्या वर्गणीतून लामार्कचा पुतळा उभा राहिला. चौथऱ्याच्या मागच्या बाजूला एक उठावाचे शिल्प आहे. त्यात आंधळा म्हातारा बसला आहे आणि मुलगी त्याच्याजवळ उभी आहे. मी ते फक्त छायाचित्रात पाहिले आहे. खाडीतल्या ज्या शिंपल्या आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी शिजतात, त्यांतल्या एका गटाचे शास्त्रीय नाव मेरेट्रिक्स. ते १७९९ साली लामार्कने दिलेले आहे. हे कळल्यापासून आई शिंपल्या निवडू लागली की मी उगाच शेजारी जाऊन बसते.

दिवाळीत घरी गेले तेव्हा खडकात एका कुर्लीने टाकलेले कवच सापडले, अगदी अखंड. ते कापसात गुंडाळून दादासाठी आणले. वसतिगृहाच्या पायरीवर बसून त्याने ते किती तरी वेळ चाचपले. नांग्या, पाय, मिशा, सगळे जागच्या जागी होते. देठांवरच्या डोळ्यांची आवरणेसुद्धा कवचाबरोबर उतरली होती, तीही त्याच्या बोटांना लागली. मी त्याला कासवाची चूक कबूल केली. तो मागच्या बाजूने बोट फिरवीत होता. पाठ आणि शेपटाचा पट्टा यांच्यामध्ये जी आडवी फट असते, जिथून ती कुर्ली मागे सरत बाहेर पडली होती, ती त्याला माझ्या सांगण्याआधीच सापडली.